पांढरी बाजू वर

माझा धंदा फ्लेक्सचा. भिवंडीत यंत्रमागांच्या एका गल्लीत दुकान आहे. बावीस वर्षं मी लोकांचे चेहरे मोठे करून विकतो. ज्याला घरात बायको विचारत नाही, त्याला मी ‘कार्यसम्राट’ केलंय. ज्याला वॉर्डातलं कुत्रं ओळखत नाही, तो माझ्या फलकावर ‘जनतेच्या मनातला’ असतो. वाढदिवस, नियुक्ती, अभिनंदन, श्रद्धांजली. गिऱ्हाईक मेलं तरी धंदा थांबत नाही, असं मी चारचौघांत हसत सांगायचो. आता सांगत नाही.

फ्लेक्स वाया जात नाही. खांबावरून उतरला की तो गावाकडे जातो आणि पेंढ्यावर, लाकडांवर, गोठ्यावर अंथरला जातो. अंथरताना पांढरी बाजू वर ठेवायची, म्हणजे ऊन कमी लागतं, आणि छापलेली बाजू खाली. आमच्या भागातल्या म्हशी कुणा ना कुणा पुढाऱ्याच्या हसऱ्या चेहऱ्याखाली रवंथ करत असतात. त्यांना त्याचं काही नसतं.

आमच्या गोठ्यावरही असाच एक होता, वीस बाय दहाचा. त्याच्या खालच्या बाजूला माझा थोरला भाऊ होता. गोठ्याला खालून बांबूच्या तट्ट्या होत्या, त्यामुळे आतून काही दिसायचं नाही. तो फ्लेक्स तिथे आहे हे दादाला कधी कळू नये, एवढीच माझी इच्छा होती. देवाकडे मागताना माणूस काय काय मागतो. मी गोठ्याचं छप्पर शाबूत राहू दे म्हणून मागायचो.

आमचं गाव खारबावच्या वाटेवर. गोदामांसाठी भातशेतीतून रुंद रस्ता काढायचं ठरलं, तेव्हा मोजणीवाल्यांना गावानं अडवलं. मग रास्ता रोको झाला, लाठ्या चालल्या, दगड आले, आणि पोलिसांची एक जीप पेटली. एका हवालदाराचा डोळा गेला. दगड कुणाचा होता हे आजपर्यंत कुणाला ठाऊक नाही. जीप दादानं पेटवली, हे मात्र सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि दादानंही ते कधी नाकारलं नाही. खटला वर्षानुवर्षं चालला. बाकीचे सुटले. दादाला आणि शेजारच्या गावातल्या दोघांना दहा-दहा वर्षांची शिक्षा झाली. वरच्या कोर्टानंही ती कायम केली.

दादा आत गेला आणि रस्ता झाला. गोदामंही आली. ज्या जमिनीसाठी तो आत बसला, ती गावानं दोन वर्षांत राजीखुशीनं देऊन टाकली. आमचीही दिली, मीच सही केली. त्या जमिनीवर आता निळ्या पत्र्यांचं लांबच लांब गोदाम आहे आणि तिथे आमच्याच गावची माणसं शिफ्टमध्ये ड्युटी करतात. हे सगळं दादाला मी भेटीच्या वेळी थोडं थोडं करून सांगितलं. तो ऐकून घ्यायचा आणि विचारायचा, “म्हशी बऱ्या हायत ना?”

त्याच्या शिक्षेचं सहावं वर्ष चालू असताना बातमी आली. आंदोलनांत शिक्षा झालेल्या शेतकऱ्यांच्या उरलेल्या शिक्षेचा सरकार सहानुभूतीनं विचार करणार होतं. कैद्यानं स्वतः राज्यपालांच्या नावे दयेचा अर्ज करायचा. तुरुंगातून तो वर जाणार, वरून चौकशीसाठी आपल्या पोलीस ठाण्यात येणार, ठाणं गावाचं मत घेणार, आणि मग सही. वहिनीनं ती बातमी माझ्याकडून दोनदा वाचून घेतली. वहिनी आणि तिच्या दोन मुली तेव्हा माझ्याच चुलीवर होत्या. तिनं काही विचारलं नाही, फक्त दादाचे दोन सदरे धुऊन उन्हात घातले.

दादा अर्ज करायला तयार होईना. त्याला तयार केलं ते काकांनी. काका म्हणजे आमच्या वडिलांचे चुलतभाऊ आणि गावचे पोलीस पाटील. पोलीस पाटील हा गावातलाच, पण सरकारनं नेमलेला माणूस. गावात काही झालं की ठाण्याला खबर द्यायची, आणि ठाण्याला काही हवं असलं की गावात विचारायचं. दोन्हीकडून बोलणी खायचं काम. काकांनी ते पंचवीस वर्षं केलं, आणि जीप पेटली त्या दिवसानंतर गावातल्या काही जणांनी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नव्हतं. तरी ते माझ्याबरोबर तुरुंगाच्या भेटीला आले.

जाळीपलीकडून दादा म्हणाला, “माफी मांगू? कोनाची? ज्यांनी बायांवर लाठ्या घातल्या त्यांची?”

“त्यांची नको मांगू,” काका म्हणाले. “त्या हवालदाराची मांग. तो बी कोनाचा तरी भाऊ हाय.”

भेटीची वेळ संपत आली होती, शिपाई घड्याळाकडे बघत होता. मग दादा म्हणाला, “काका, तू सांगतंस म्हनून सई करतंय. दुसऱ्या कोनी सांगितली असती तर केली नसती.”

अर्जात शेवटी एकच ओळ त्याची स्वतःची होती. बाकीचं सगळं आतल्या लिहिणाऱ्या कैद्यानं नेहमीच्या साच्यातलं घातलं होतं. दादाची ओळ अशी: झाल्या गोष्टीचा मला मनापासून पश्चात्ताप आहे. पुढच्या भेटीला त्यानं ती मला तोंडपाठ म्हणून दाखवली आणि मान दुसरीकडे वळवली. आमच्या घरात तोवर कुणी कुणाची माफी मागितलेली मला आठवत नाही. रागावलो की जेवायचो नाही, आणि राग गेला की जेवायला बसायचो, एवढंच.

कागद फिरत फिरत आमच्या ठाण्यात आला. काकांनी आपलं काम चोख केलं. ते त्या हवालदाराच्या घरी जाऊन आले. तो आता निवृत्त होऊन अंगणात कोंबड्या पाळत होता. “ठेवा नाहीतर सोडा, माझं काय जातंय,” असं तो म्हणाला, आणि काकांनी त्याचं ‘हरकत नाही’ करून आणलं. गावात घरोघरी जाऊन सह्या घेतल्या. जे त्यांच्याशी बोलत नव्हते त्यांच्याही घेतल्या. मग दुकानात येऊन त्यांनी मला आपला अहवाल वाचून दाखवला. ‘सदर इसम सुटल्यास गावाच्या शांततेचा भंग होणार नाही, अशी माझी खात्री आहे.’ खाली त्यांची सही आणि शिक्का. ती सही त्यांनी माझ्यासमोर केली, आणि शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून बसले.

आता माझा पराक्रम सांगतो.

एके दिवशी दुपारी आमच्या भागातल्या पुढाऱ्याच्या कार्यकर्त्याचा फोन आला. “साहेबांनी वर बोलून घेतलंय. सही झाल्यातच जमा धरा. उद्या फलकाचं मॅटर पाठवतो. साहेबांचा फोटो मोठा, तुमच्या भावाचा खाली घ्या.” सहा वर्षांत हे साहेब आमच्या दारात एकदा आले नव्हते. खटल्याच्या दिवसांत आमचे फोन उचलत नव्हते. आणि आता त्यांच्या पोटाखाली माझा दादा अंगठ्याएवढा छापायचा, तोही मीच. माझं डोकं सणकलं.

आमच्याकडे एक रीत आहे. ज्याचा फलक आधी लागला, ते काम त्याचं. विहीर कुणी का खणेना, फलक पहिल्यांदा ज्यानं लावला त्यानं ती खणली. हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून सही व्हायच्या आधी, कोनशिलेचा दगड बसायच्या आधी, कधीकधी माणूस मरायच्या आधी फलक तयार असतो. मी तर त्याच रीतीवर पोट भरत होतो. त्या दुपारी मनात एवढंच आलं की त्यांचा लागायच्या आत आपला लागला पाहिजे. सही झाली का, कागद कुठे आहे, यातलं मी काही विचारलं नाही. काकांना एक फोन केला असता तर कळलं असतं. केला नाही. उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग.

मी स्वतः डिझाइन करायला बसलो. दादाचा लग्नातला फोटो घेतला, फेटा काढून टाकला, मिशी जरा दाट केली. बाजूला जबडा उघडलेला वाघ. वर मोठ्या अक्षरांत ‘सुस्वागतम!’ खाली ‘भूमिपुत्रांचा ढाण्या वाघ परत येतोय! आम्हाला अभिमान आहे.’ आणि मागे ज्वाळा. ज्वाळा मी सगळ्यांच्याच मागे घालतो. क्रिकेटच्या सामन्याला घालतो, वाढदिवसाला घालतो. एका दंतवैद्याच्या उद्घाटनालाही घातल्या होत्या. तयार असतात, एक बटण दाबलं की येतात.

माझ्याकडे मशीनवर एक उत्तर प्रदेशचा माणूस आहे, वयानं माझ्याहून मोठा. आधी लूमवर होता, कारखाना बंद पडला तसा माझ्याकडे आला. कमी बोलतो. त्या दिवशी त्यानं स्क्रीनकडे बघत विचारलं, “सेठ, पीछे आग क्यों डाली?”

“डिझाइन है.”

“आपके भाई आग के ही केस में अंदर हैं ना?”

“तू मशीन देख,” मी म्हणालो. त्यानं मशीन बघितलं. वीस बाय दहा. आमच्या गावात तोवर एवढा मोठा फलक कुणाचाच लागला नव्हता.

सकाळी गावाच्या तोंडाशी, नव्या रस्त्याच्या कडेला तो लावला. लोकांनी फोटो काढले. गोदामावर ड्युटीला निघालेले थांबून बघत होते. सहा वर्षं दादाचं नाव लोक दबक्या आवाजात घेत होते. ते असं रस्त्यावर मोठ्या अक्षरांत बघून मला रडू आलं, आणि मी ते लपवलंही नाही. वहिनी पदर डोक्यावर घेऊन जरा लांब उभी होती.

“कागद आला का, भाऊजी?” तिनं विचारलं.

“येल आता.”

ती आणखी थोडा वेळ उभी राहिली आणि घरी गेली.

कागद आला नव्हता. सही तर लांबच. काकांच्या अहवालाची पडताळणीच व्हायची होती, आणि ती करायला ठाण्यातले साहेब त्याच दुपारी निघाले होते. गावात शांतता आहे की नाही हे त्यांना आपल्या डोळ्यांनी बघायचं होतं. गावाच्या तोंडाशी गाडी थांबली. साहेब खाली उतरलेसुद्धा नाहीत. काच खाली केली, मोबाइलवर दोन फोटो काढले, आणि गाडी वळवून परत गेले. फलकाखाली उभ्या असलेल्यांना वाटलं, त्यांनाही आवडला.

दुसऱ्या दिवशी काकांना बोलावणं आलं. मीही गेलो, पण मला बाहेरच थांबवलं. तासाभरानं काका बाहेर आले. ठाण्यासमोरच्या टपरीवर चहा सांगितला आणि बाकावर बसले. आत काय झालं ते त्यांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. साहेबांनी त्यांच्यासमोर फोटो ठेवला होता. जाळपोळीच्या कैद्यामागे ज्वाळा छापता, वाघ म्हणता, अभिमान आहे म्हणता, आणि वर लिहून देता की शांततेचा भंग होणार नाही? कुणी लावला हा? कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव आणि फोन नंबर होता, छापल्याची तारीख होती. ती प्रत्येक फलकावर असते.

“मंग तुमी काय सांगितलात?” मी विचारलं.

“सांगितला, मीच लावाला लावला. छापनारा काय, जो सांगंल त्याचा छापतो.”

“काका!”

“वरडू नको. तुज्यावर केस झाली असती. घरात त्याची बायको, दोन पोरी, तुजी पोरं. दोगंबी आत बसलात तर चूल कोन पेटवील?”

साहेबांनी त्यांच्याकडून दुसरा अहवाल लिहून घेतला होता. पहिला मागे घेतला, गावात उन्मादाचं वातावरण आहे, सुटका आत्ता योग्य नाही. तो त्यांच्याच हातचा, त्यांच्याच सहीचा. शिवाय फलकाबद्दल खुलासा द्यायचा होता. तो पटला नाही आणि दोन महिन्यांत त्यांचं पद गेलं. निवृत्तीला वर्षही राहिलं नव्हतं.

चहा संपल्यावर त्यांनी माझा हात धरला. काका कुणाला हात लावून बोलणारे नव्हते. “त्याला सांगू नको,” ते म्हणाले. “जेलात मानसाला घराचाच आधार असतो. घरानंच मना बुडवला असा त्याला वाटला तर तो वाचनार न्हाय. माज्यावर राग धरू दे. मी काय, पाटील हाय. मना सवय हाय.”

मी मान डोलावली. आज मागे वळून बघतो तेव्हा ती मान मी किती पटकन डोलावली, ते मला आठवतं. दादासाठी डोलावली असं मी स्वतःला सांगत आलो. थोडी दादासाठी असेल. बरीचशी माझ्यासाठी होती.

शेजारच्या गावातले दोघं स्वातंत्र्यदिनाला सुटले. त्यांच्या गावात फलक नव्हता, कारण तिथे कुणाचा भाऊ फ्लेक्सच्या धंद्यात नव्हता. ते सुटल्यावर पुढाऱ्याचे फलक सगळीकडे लागले. छापायला माझ्याकडेच आले होते. मी नाही म्हटलं, एवढंच काय ते माझं शौर्य.

दादाला नकाराचं पत्र तुरुंगात मिळालं. स्थानिक अहवाल प्रतिकूल असल्यामुळे अर्ज नामंजूर. पुढच्या भेटीला त्यानं मला जाळीपलीकडून विचारलं, “अहवाल कोन देतो?”

“पोलीस पाटील देतो,” मी म्हणालो.

यातला एक शब्दही खोटा नव्हता. दादा म्हणाला, “माज्याकडून माफी लिवून घेतली त्यानी. हितं येऊन, गोड बोलून. आनि गावात जाऊन असा लिवला?” मी काही बोललो नाही. त्यानं परत कधी काकांचं नाव घेतलं नाही. म्हशींची चौकशीही त्या दिवशी केली नाही.

फलक वहिनीनं स्वतः उतरवला होता, साहेब फोटो काढून गेले त्याच संध्याकाळी. माणसं बोलवली नाहीत. शिडी लावून, विळ्यानं दोऱ्या कापून, गुंडाळी डोक्यावर घेऊन घरी आली. अंगणात ती टाकली आणि मला म्हणाली, “भाऊजी, येवडी घाई कशाला केलीत?” पुन्हा तिनं तो विषय काढला नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. गोठा गळत होता, म्हणून पुढच्या महिन्यात तिनं तो वर अंथरला. मी जाळून टाकू या म्हणालो. “आता काय बी जालायचा न्हाय,” ती म्हणाली.

आणखी अडीच वर्षं गेली. तुरुंगात चांगलं वागल्याची जी नेहमीची सूट मिळते ती धरून दादा सुटला. मी टेम्पो घेऊन आणायला गेलो. ज्या रस्त्यासाठी तो आत गेला, त्याच रस्त्यानं त्याला घरी आणला. दोन्ही बाजूंना कंटेनर उभे होते. आमच्या शेताच्या जागी आल्यावर मी टेम्पो हळू केला. त्यानं गोदामाकडे बघितलं आणि म्हणाला, “चल.” गावाच्या तोंडाशी काही लावलेलं नव्हतं. दारात वहिनीनं त्याच्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला.

काका आले होते. अंगणाच्या कडेला, चपला काढून उभे होते. दादानं त्यांना बघितलं आणि पाठ फिरवून आत गेला. काका थोडा वेळ तसेच उभे राहिले, मग चपला घालून निघून गेले. जाताना माझ्याकडे बघून त्यांनी हळूच हात हलवला, काही बोलू नको असा.

गावात दुसरं काय करणार? रोज गाठ पडायची. देवळाच्या पायरीवर काका बसलेले असले की दादा रस्ता बदलायचा. एकदा नाहीच बदलता आला, तर त्यांच्यासमोर थुंकला. फलक सगळ्या गावानं बघितला होता, पण काकांच्या शब्दाखातर दादासमोर कुणी त्याचं नाव काढत नव्हतं. त्यानं काय बिघडलं हे चार माणसांनाच ठाऊक होतं, आणि काकांनी त्यांनाही गप्प केलं होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी, आणि चोर घरात बसून जेवतो. मी दररोज ठरवायचो, आज सांगतो. दादा जरा सावरू दे. त्याला काम लागू दे. दिवाळी होऊ दे. कारणं शोधायला फार अक्कल लागत नाही.

थंडीत काका वारले. दोन दिवसांचा ताप, तेवढ्यानंच गेले. आमच्याकडे गावकीतल्या प्रत्येक घरातला थोरला पुरुष खांदा द्यायला येतो. भांडणं असली तरी येतो, कोर्टात एकमेकांविरुद्ध उभे राहिलेलेही येतात. खांद्याला नाही म्हणत नाहीत. दादा आला नाही. अंगणात बसून बांबू चिरत होता. तिरडी आमच्या दारावरून गेली, आणि कोयत्याचा आवाज थांबला नाही. सगळ्यांनी तो ऐकला. आमच्या घरचा खांदा मी दिला. काकांचं वजन फार नव्हतं. मी तेव्हाही काही बोललो नाही.

मग उन्हाळा आला आणि आगोटीची कामं निघाली. पावसाआधी घर शाकारायचं, लाकूडफाटा आत घ्यायचा. मी दुकानात होतो. वहिनीचा फोन आला. “ते गोठ्यावर चढलेत,” एवढंच ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी मोटारसायकल काढली. अंजूरफाट्याला ट्रक अडकले होते, मी फुटपाथवरून, गटारावरून, जमेल तशी काढली. जाताना काय बोलायचं ते ठरवत होतो. घरी पोचेपर्यंत एकही वाक्य तयार झालं नव्हतं.

फ्लेक्स अंगणात पसरलेला होता, छापलेली बाजू वर. ऊन न लागल्यामुळे रंग जराही उडाले नव्हते. ज्वाळा तर काल छापल्यासारख्या लाल होत्या. दादा त्याच्या कडेला उकिडवा बसला होता. त्याचं बोट कोपऱ्यात होतं, जिथे दुकानाचं नाव, नंबर आणि तारीख असते.

“ही तारीख,” तो म्हणाला. “माजा कागद ठान्यात हुता तवाची.”

“हो.”

“तुना छापला.”

“हो.”

“काकाला ठावं हुता?”

मग मी सगळं सांगितलं. फोन, घाई, साहेबांचा मोबाइल, ठाण्यासमोरचा बाक. काकांनी माझा हात धरला तेही. दादा मारेल असं मला वाटत होतं, आणि मारावं असंही वाटत होतं. त्यानं मारलं नाही. तो ऐकत होता आणि हातानं फलकावरची माती झाडत होता, स्वतःच्याच तोंडावरची. वहिनी दारात उभी होती.

“मी त्याला खांदा दिला न्हाय,” तो म्हणाला. एवढंच.

नंतर तो उठला. आम्ही दोघांनी मिळून फ्लेक्स उलटा केला आणि गोठ्यावर चढवला, पांढरी बाजू वर. कडा ताणून दोऱ्या बांधल्या. गाठी त्यानं मारल्या, माझ्या सैल होत्या म्हणून सोडून पुन्हा मारल्या. खाली उतरल्यावर हात पुसत तो म्हणाला, “एक फलक छाप. काकाचा. मोटा नको.”

“श्रद्धांजलीचा?”

“फोटो घाल. खाली माजा नाव.”

“मधी काय लिवू?”

म्हशीनं दावं ओढलं, ते त्यानं सैल केलं. मग तो जुन्या भेटीत म्हणाला होता तसाच, मान दुसरीकडे वळवून म्हणाला, “अर्जात लिवलेला तोच.”

दुसऱ्या दिवशी मी तो केला. काकांचा टोपीतला फोटो, पांढरी पाटी, मागे काही नाही. झाल्या गोष्टीचा मला मनापासून पश्चात्ताप आहे. खाली दादाचं नाव. मशीनवरच्या माणसानं वाचलं आणि या वेळी काही विचारलं नाही. देवळाच्या पायरीजवळ, काका बसायचे तिथे तो लावला. दयेचा अर्ज चौकशीसाठी ठाण्यात येतो, गावात येतो, वर जातो. हा कुठेच जायचा नव्हता.

माझं नाव घाल, असं दादा म्हणाला नाही. मीही विचारलं नाही. त्याच्या नावाच्या वर, आधी, माझं असायला हवं होतं. हे मला तेव्हाही कळत होतं आणि स्क्रीनवर जागाही होती. तरी मी ते घातलं नाही. कोपऱ्यात दुकानाचं नाव आणि फोन नंबर आहे. तो प्रत्येक फलकावर असतो.